२८८ जागांचा हिशेब आणि घरातले एक मत

आमच्याकडे इशाची नमाज झाली की चौकातल्या चहाच्या टपरीवर विधानसभा भरते. अर्धा अर्धा चहा येतो आणि चर्चा सुरू होते. कोणत्या पक्षाची ताकद किती, कोण कोणाला पाडणार, कोण फुटणार, कोणाला कोणी पैसे दिले. नोव्हेंबर २०२४ मध्ये निकाल लागला तेव्हा वाटले होते, आता काही महिने शांतता मिळेल. पण ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या रखडलेल्या निवडणुका चार महिन्यांत उरकण्याचा प्रयत्न करा असे सांगितले आणि टपरीला पुन्हा उधाण आले. "काय म्हणता मास्तर, यंदा पालिकेत कोणाची हवा?" हा प्रश्न मला रोज किमान दोनदा विचारला जातो.

मी शाळामास्तर आहे. उर्दू आणि मराठी शिकवतो. सेवाशर्तींमुळे मला कोणत्याही पक्षाचा प्रचार करता येत नाही आणि मला तो करायचाही नाही. या लेखात कोणाला मत द्या हे शोधू नका, सापडणार नाही. पण मतदार म्हणून आणि या समाजाचा एक माणूस म्हणून जे दिसते ते बोलायला कोणत्याही नियमाची आडकाठी नाही. मागच्या आठवड्यात टपरीवर जे झाले त्यानंतर तर गप्प बसणे मला जमत नाही.

झाले असे. माझा एक जुना विद्यार्थी, आता पंचविशीतला, मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतो. हुशार पोरगा. महाराष्ट्राच्या २८८ जागांचा हिशेब त्याला तोंडपाठ. तो म्हणाला, "सर, आपण किती दिवस दुसऱ्यांच्या सतरंज्या उचलायच्या? अपना झेंडा, अपना नेता. हरलो तरी चालेल." शेजारी बसलेले एक वयस्कर हाजीसाहब भडकले. "तुमच्यासारख्यांमुळेच मते फुटतात आणि ते निवडून येतात. गुपचूप पंजाला नाही तर मशालीला द्या आणि घरी बसा." मग मला मध्ये ओढले. मी म्हणालो, दोघेही चुकता आहात. पोरगा उठला आणि म्हणाला, "सर, तुम्ही घाबरता." आणि निघून गेला.

त्याला उत्तर द्यायचे राहिले. ते आज देतो.

ताकद म्हणजे नक्की काय?

आधी टपरीच्या आवडत्या शब्दापासून सुरुवात करू. पक्षाची ताकद. २०२४ च्या विधानसभेत काँग्रेसला राज्यात १२.४२ टक्के मते मिळाली आणि एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेला १२.३८ टक्के. म्हणजे काँग्रेस किंचित पुढे. जागा किती? काँग्रेस १६, शिंदेंची शिवसेना ५७. शरद पवारांच्या राष्ट्रवादीला ११.२८ टक्के मते आणि १० जागा. अजित पवारांच्या राष्ट्रवादीला ९.०१ टक्के मते आणि ४१ जागा. कमी मते घेणाऱ्याला चौपट जागा! त्याच वर्षीच्या लोकसभेत महाविकास आघाडीला ४३.७१ टक्के आणि महायुतीला ४३.५५ टक्के मते होती. फरक नखाएवढा, पण जागा ३० विरुद्ध १७.

यात जादू नाही. आपल्या पद्धतीत हरलेल्या उमेदवाराची मते शून्य धरली जातात. मते किती हा अर्धाच प्रश्न. ती कुठे पडली, शेजारच्या मित्रपक्षाची मते आपल्याकडे वळली का आणि समोरच्याची फुटली का, हा उरलेला अर्धा. त्यामुळे राज्यभराच्या ताकदीचा हिशेब मांडून आपल्या वॉर्डाचा निकाल सांगणारा माणूस भविष्य सांगणाऱ्या पोपटवाल्यापेक्षा फार वेगळा नसतो.

आपल्या वाशिम जिल्ह्यातच पाहा. तीन मतदारसंघ आणि तिन्हींची तऱ्हा वेगळी. रिसोडमध्ये काँग्रेसचे अमित झनक निवडून आले. फरक सहा हजारांच्या आसपास. काँग्रेसची लाट होती म्हणून का? नाही. समोर अनंतराव देशमुख अपक्ष आणि भावना गवळी शिवसेनेकडून. त्या दोघांच्या मतांची बेरीज झनक यांच्यापेक्षा कितीतरी जास्त होती. समोरची मते फुटली म्हणून जागा वाचली. वाशिम राखीव मतदारसंघात भाजपचे श्याम खोडे आले. याच वाशिमचा समावेश असलेल्या यवतमाळ-वाशिम लोकसभा मतदारसंघात सहा-सात महिन्यांपूर्वी ठाकरेंच्या शिवसेनेचे संजय देशमुख ९४ हजारांहून जास्त मतांनी जिंकले होते. मग ती ताकद कुठे गेली?

आणि कारंजा? कारंज्यात तर पक्ष या शब्दाचाच जनाजा निघाला. भाजपचे आमदार राजेंद्र पाटणी यांचे फेब्रुवारी २०२४ मध्ये निधन झाले. त्यांचे चिरंजीव ज्ञायक पाटणी शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडून उभे राहिले. राष्ट्रवादीचे दिवंगत माजी आमदार प्रकाश डहाके यांच्या पत्नी सई डहाके भाजपकडून उभ्या राहिल्या आणि जिंकल्या. म्हणजे भाजपचे घर राष्ट्रवादीत आणि राष्ट्रवादीचे घर भाजपमध्ये. आता मला सांगा, त्या मतदारसंघातल्या मुसलमानाने "सेक्युलर" मत दिले म्हणजे नक्की कोणाला दिले? ज्या घराला तो दहा वर्षे पाडायला निघाला होता, त्याच घराला!

हाजीसाहबांना पहिला सवाल

हाजीसाहब, तुमचे वय आणि तुमचा अनुभव मला मान्य. तुमची भीतीही खोटी नाही. "बटेंगे तो कटेंगे"च्या घोषणा आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. रात्री मोबाइलवर येणाऱ्या चित्रफिती पाहून माझ्या घरातही झोप उडते. संकटात माणूस भिंतीला पाठ लावून उभा राहतो, त्यात लाज कसली? लोकसभेला धुळ्यात काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी जिंकल्या, मालेगाव मध्यमध्ये त्यांना सुमारे १ लाख ९४ हजारांची आघाडी होती, तर लगेच "व्होट जिहाद" म्हणून गजर झाला. एखादी जात एकजुटीने मतदान करते तेव्हा त्याला समाजाची जागृती म्हणतात. आपण केले की जिहाद. हा दुटप्पीपणा आहे आणि तो ठणकावून सांगितला पाहिजे.

पण हाजीसाहब, एकगठ्ठा मत देणे ही चूक नाही. फुकट देणे ही चूक आहे.

हिशेब पाहा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्यात मुस्लिम ११.५४ टक्के. २०२४ च्या लोकसभेत महाविकास आघाडीने महाराष्ट्रात एकही मुस्लिम उमेदवार दिला नाही. ४८ पैकी शून्य. काँग्रेसचे नसीम खान यांनी तेव्हा उघड नाराजी व्यक्त करून प्रचार समितीचा राजीनामा दिला. आपण काय केले? रांगा लावून मते दिली. त्या वेळी द्यायला हवीच होती असे तुम्ही म्हणाल. ठीक. पण देताना एक तरी अट घातली का?

पाच टक्के आरक्षणाची गोष्ट तर तुम्हीच मला सांगायचात. जुलै २०१४ मध्ये पृथ्वीराज चव्हाण सरकारने मराठा समाजाला १६ टक्के आणि मुस्लिमांतील मागास घटकांना ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश काढला. कधी? विधानसभा निवडणुकीला तीन महिने उरले असताना. पंधरा वर्षांच्या सत्तेत शेवटच्या तीन महिन्यांत आठवण आली. नोव्हेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नोकरीतल्या आरक्षणाला स्थगिती दिली, पण शिक्षणातले मुस्लिमांचे पाच टक्के राहू दिले. नव्या भाजप सरकारने तो अध्यादेश मरू दिला. त्यांच्याकडून वेगळी अपेक्षा नव्हती. पण नंतर नोव्हेंबर २०१९ ते जून २०२२ या काळात महाविकास आघाडीचे सरकार होते. फेब्रुवारी २०२० मध्ये नवाब मलिक यांनी विधान परिषदेत सांगितले, शिक्षणात पाच टक्के देणार. आठवडा गेला नाही तोच मुख्यमंत्री उद्धव ठाकरे म्हणाले, असा प्रस्ताव माझ्यापुढे आलेलाच नाही. त्यानंतर तो कधी आलाही नाही. आपण विचारले का? नाही. कारण विचारले तर सरकार अडचणीत येईल आणि "ते" येतील, अशी आपणच आपली समजूत घातली. शेवटी ते आलेच.

उलट बाजूला पाहा. ऑक्टोबर २०२४ मध्ये, निवडणूक तोंडावर असताना, महायुती सरकारने मौलाना आझाद आर्थिक विकास महामंडळाचे भागभांडवल ७०० कोटींवरून १,००० कोटी केले आणि मदरशांतल्या डीएड-बीएड शिक्षकांचे मानधन वाढवले. हे मी त्यांचे गुणगान करण्यासाठी सांगत नाही. एका हाताने हे देताना दुसऱ्या हाताने सभांत काय वाटले जात होते ते आपण पाहिले आहे. मुद्दा एवढाच की ज्या सरकारला आपली मते मिळण्याची फारशी आशा नव्हती त्यालाही काहीतरी द्यावेसे वाटले, आणि ज्यांना मते नक्की मिळणार होती त्यांना काही द्यायची गरज वाटली नाही. हमखास गिऱ्हाइकाला कोणता दुकानदार सवलत देतो?

पोराला दुसरा सवाल

आता तुझ्याकडे येतो, बेटा. तू म्हणालास मी घाबरतो. असेल. पण तू मोजत नाहीस.

"अपना नेता" या शब्दात जादू आहे, मला मान्य. ज्याला वर्षानुवर्षे मंचावर शेवटच्या खुर्चीत बसवले त्याला स्वतःचा मंच हवासा वाटणारच. पण हिशेब तुझाच विषय, तर बसू हिशेबाला. मजलिसचे विधानसभेत २०१४ ला दोन आमदार, २०१९ ला दोन, २०२४ ला एक. तो एक म्हणजे मालेगाव मध्यचे मुफ्ती इस्माईल, फक्त १६२ मतांनी. आणि समोर कोण होते? आसिफ शेख. म्हणजे तिथे लढाई घरातल्या घरातच होती. औरंगाबाद पूर्वमध्ये इम्तियाज जलील २,१६१ मतांनी पडले आणि भाजपचे अतुल सावे आले. त्या मतदारसंघात आपल्याच समाजाचे इतर उमेदवार कितीतरी होते आणि त्यांनी मिळून त्या फरकापेक्षा जास्त मते खाल्ली. प्रत्येकाचा झेंडा अपना, प्रत्येक नेता अपना आणि निकाल परका!

हेच इम्तियाज जलील २०१९ मध्ये लोकसभेत कसे गेले होते? प्रकाश आंबेडकरांच्या वंचित बहुजन आघाडीशी युती होती आणि समोरच्या छावणीत बंडखोरी होती. ४,४९२ मतांनी ते निवडून आले. २००४ मध्ये अंतुले साहेब जिंकले, त्यानंतर महाराष्ट्रातून लोकसभेत गेलेले ते पहिले मुस्लिम खासदार. युती तुटली, २०२४ ला तोच माणूस, तेच शहर, तोच जोश आणि पराभव १ लाख ३४ हजारांहून अधिक मतांनी. धडा काय? आपला माणूस आपल्या एकट्याच्या मतांवर निवडून येत नाही. शेजाऱ्याचे मत लागते.

कारंज्याचे उदाहरण तर तुझ्या घराजवळचे आहे. मोहम्मद युसूफ पुंजानी २०१४ मध्ये भारिप बहुजन महासंघाकडून लढले. दलित, छोटे ओबीसी आणि मुस्लिम अशी ती अकोला पॅटर्नची बांधणी होती. ते दुसऱ्या क्रमांकावर आले, विजयापासून चार-साडेचार हजार मतांवर. २०१९ मध्ये ते बसपकडून लढले, वंचितचा उमेदवार वेगळा. तिसरा क्रमांक. २०२४ मध्ये मजलिसकडून, वंचितचा उमेदवार पुन्हा वेगळा. मते आणखी घसरली. माणूस तोच, मतदारसंघ तोच, चिन्हे तीन. सर्वांत जवळ कधी पोहोचले? जेव्हा निळा झेंडा सोबत होता तेव्हा. हे मी कोणाला नावे ठेवायला सांगत नाही. आकडे समोर आहेत, तू वाच.

आणि आणखी एक. आपला माणूस निवडून आला म्हणजे आपले प्रश्न सुटले, हेही आपल्याच जिल्ह्याने खोटे ठरवले आहे. तुझ्या पिढीला माहीत नसेल, काश्मीरचे गुलाम नबी आझाद १९८० आणि १९८४ ला दोनदा आपल्या वाशिम मतदारसंघातून खासदार झाले. त्यांना इथल्या हिंदू शेतकऱ्यांनी, बंजारा तांड्यांनी, बौद्ध वस्त्यांनी मते दिली. ज्यांना वाटते मुसलमान उमेदवार निवडूनच येऊ शकत नाही, त्यांनी हे लक्षात ठेवावे. आणि ज्यांना वाटते मुसलमान खासदार म्हणजे मुसलमानांची भरभराट, त्यांनी वाशिमच्या मोहल्ल्यांतून एक फेरी मारावी. आझाद साहेब केंद्रात मंत्री झाले, पुढे काश्मीरचे मुख्यमंत्री झाले. आणि आपला वाशिम २०१८ मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या, सोप्या भाषेत मागे राहिलेल्यांच्या, यादीत गेला.

मग मुस्लिम प्रतिनिधी नकोत का? हवेत. २८८ च्या सभागृहात लोकसंख्येच्या हिशेबाने ३३ असायला हवेत, आहेत १०. विदर्भात ६२ जागांपैकी एक, अकोला पश्चिमचे साजिद खान पठाण. ते कसे आले तेही पाहा. २०१९ ला अडीच हजारांच्या आसपास मतांनी पडले. मतदारसंघ सोडला नाही, चिन्ह सोडले नाही. २०२४ ला १,२८३ मतांनी आले. १९९५ पासून भाजपकडे असलेली जागा होती ती. भाजपच्या एका नाराज माजी नगरसेवकाने अपक्ष उभे राहून हजारो मते घेतली, त्याचाही हात आहे. पण नशीब दार ठोठावते तेव्हा दाराजवळ बसलेला माणूसच दार उघडतो.

तिसरा सवाल, आपल्या सर्वांना

आता मूळ दुखण्यावर येतो. हाजीसाहब आणि माझा विद्यार्थी एकमेकांचे विरोधक वाटतात. प्रत्यक्षात दोघांचे राजकारण एकच आहे. एक म्हणतो कोणाला पाडायचे, दुसरा म्हणतो कोणाला दाखवून द्यायचे. काय मागायचे, हे दोघेही बोलत नाहीत.

त्यामुळेच नोव्हेंबर २०२४ मध्ये मौलाना सज्जाद नोमानी यांनी मुंबईत बसून राज्यभरातल्या उमेदवारांना पाठिंब्याची यादी जाहीर केली तेव्हा मला वाईट वाटले. मौलानांच्या इल्मबद्दल मला आदर आहे. पण रिसोडच्या सोयाबीनवाल्याने आणि मंगरुळपीरच्या हमालाने मत कोणाला द्यावे हे मुंबईतून कसे ठरते? त्या यादीने आपल्याला एकही मत वाढवून दिले असेल असे मला वाटत नाही. समोरच्यांना मात्र प्रचाराच्या शेवटच्या दिवसांत सभा गाजवायला आयते कोलीत मिळाले.

टपरीवरच्या आपल्या विधानसभेत आणखी एक उणीव आहे. तिथे बाई नसते. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे फॉर्म भरायला आमच्या मोहल्ल्यातल्या बायका उन्हापावसात रांगेत होत्या. दीड हजार रुपये खात्यात आले. टपरीवरचे पुरुष आघाडी आणि युती मोजत होते आणि घरातली बाई स्वतःचा हिशेब मांडत होती. तिने मत कोणाला दिले मला माहीत नाही आणि तो तिचा हक्क आहे. पण आपल्या चर्चेत तिचा हिशेब धरलाच नव्हता, एवढे नक्की.

आता स्थानिक निवडणुका पाहा. वाशिम जिल्हा परिषदेची सार्वत्रिक निवडणूक जानेवारी २०२० मध्ये झाली. बहुतेक नगरपालिकांची २०१६-१७ नंतर कित्येक वर्षे झालीच नाही. वर्षानुवर्षे पालिकेत नगरसेवक नव्हता, प्रशासक होता. नळ, नाली, दिवा, कब्रस्तानची भिंत, जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेतली रिकामी शिक्षकपदे, यातले काहीही मुंबई-दिल्लीत ठरत नाही, इथेच ठरते. आणि इथे आपले संख्याबळ तोकडे नाही. पालिकेच्या वॉर्डात शंभर-दोनशे मतांनी निकाल फिरतो. ओबीसी आरक्षणाचा जो खटला सर्वोच्च न्यायालयात मार्च २०२१ मध्ये गाजला आणि ज्याने राज्यभरच्या निवडणुकांचे गणित बदलले, त्यात आपल्या वाशिमची जिल्हा परिषदही होती. बागवान, मोमीन, खाटीक, पिंजारी अशा आपल्या कितीतरी बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींसाठी आयुष्य झिजवले ते कशासाठी? जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र वेळेत काढले नाही म्हणून राखीव जागेवर उभे राहता येत नाही, आणि आपण म्हणतो आपल्याला कोणी तिकीट देत नाही!

म्हणून माझी मागणी साधी आहे. यंदा मोहल्ल्यात जो उमेदवार येईल, कोणत्याही पक्षाचा, अपना असो वा पराया, त्याला बंद खोलीत भेटू नका. चौकात बसवा. मराठीत बोला, म्हणजे पलीकडच्या आळीतल्या माणसालाही कळेल की आपण काय मागतो. आणि मागणी एकट्या मुसलमानांची ठेवू नका. नळाला आठवड्यात किती वेळा पाणी येणार, हा प्रश्न बौद्धपुऱ्याचाही आहे. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याच्या खाली माल विकावा लागला, तो अहमदचाही होता आणि अंबादासचाही. शिक्षक नसलेली शाळा उर्दू असो की मराठी, पोरांचे वर्ष सारखेच वाया जाते. चार प्रश्न कागदावर लिहा, त्याच्याकडून लेखी घ्या, कागद मशिदीच्या फलकावरही लावा आणि समाजमंदिराच्या फलकावरही. पाच वर्षांनी तोच कागद काढा. हेच माझे राजकारण. याला कोणी भित्रेपणा म्हणत असेल तर म्हणो.

यावर कोणी म्हणेल, मास्तर, द्वेषाचे एवढे मोठे वादळ सुटले असताना तुम्ही नळ आणि नाली काय घेऊन बसलात? माझे उत्तर असे आहे. द्वेषाविरुद्ध भाषण करणारा नेता लांब असतो. वाईट दिवस येतो तेव्हा कामाला येतो तो शेजारी, ज्याच्यासोबत तुम्ही पाण्यासाठी पालिकेवर मोर्चा काढलेला असतो. ती ओळख निवडणुकीच्या दिवशी तयार होत नाही. ती आधी तयार करावी लागते.

शेवटची गोष्ट

पोरगा उठून गेला हे वर सांगितले. तो का चिडला होता ते मला दोन दिवसांनी कळले. त्याची अम्मी रस्त्यात भेटली. म्हणाली, "सर, मी नोव्हेंबरमध्ये मतदानच केले नाही. गेले होते. दोन तास उभी होते. यादीत नावच नव्हते. लोकसभेला होते, आता नाही." नाव कसे गेले, कोणी काढले, चुकून की कशाने, तिला माहीत नाही. ती परत घरी आली आणि रडली. पस्तीस वर्षांत तिचे एकही मतदान चुकलेले नव्हते.

मी पोराच्या दुकानात गेलो. विचारले, "यादी आधी पाहिली होतीस?" तो खाली मान घालून मोबाइल उघडत राहिला. २८८ मतदारसंघांचा अंदाज त्याने मतदानाच्या आदल्या रात्री मला पाठवला होता. घरातल्या चार मतांपैकी एक मत यादीत नाही, हे त्याला माहीत नव्हते. मी रागावलो नाही. माझ्या स्वतःच्या पत्नीचे नाव मी तरी आदल्या दिवसापर्यंत कुठे तपासले होते?

पालिका आणि जिल्हा परिषदेसाठी वेगळी यादी नसते, विधानसभेचीच यादी वापरतात, आणि ती एका ठरलेल्या तारखेची असते. त्या तारखेनंतर कितीही धावपळ केली तरी उपयोग नाही. नवीन नावासाठी अर्ज क्रमांक ६, दुरुस्ती आणि पत्ताबदलासाठी ८. आपल्या केंद्राचा बीएलओ बहुतेक वेळा आमच्यासारखाच एखादा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका असते. तिला शोधायला टपरीवरून उठावे लागते, एवढेच.

परवा संध्याकाळी पोरगा माझ्याकडे आला. हातात अम्मीचा अर्ज क्रमांक ६ होता आणि सोबत गल्लीतल्या आणखी अकरा जणांची नावे, ज्यांची नावे यादीत सापडली नाहीत. त्यात हाजीसाहबांच्या सुनेचेही नाव होते. त्यांच्या घरी तो स्वतः जाऊन आला होता. "सर," तो म्हणाला, "झेंड्याचे नंतर पाहू."

नंतर नक्की पाहू, बेटा. भांडूही. पण आधी ही बारा नावे.

तुमच्या गल्लीत किती निघतात, ते तुम्ही मोजा.